आवरून टाकलेली ओळ

लग्न ठरलं तेव्हा आत्याने मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "पसारा घालणारा नवरा परवडतो गं. आवरणारा नको. पसाऱ्यातलं कधीतरी सापडतं, आवरलेलं नाही सापडत."

मी हसले. त्या वयात आत्यांच्या बोलण्यावर हसायचं असतं अशी माझी समजूत होती. शिवाय आत्याचा नवरा अंघोळीचा ओला टॉवेल पलंगावर टाकून त्यावरच बसून पेपर वाचणारा. मला वाटलं, ही मत्सराने बोलते आहे. मी मैत्रिणींना अभिमानाने सांगत सुटले होते की आमचा माणूस चहा झाला की कप स्वतः विसळतो. चहा संपायच्या आतही विसळतो, हे मला लग्नानंतर कळलं.

आता मी जे सांगणार आहे ते एका संगणकाच्या प्रोग्रामबद्दल आहे. पण सुरुवात तापाच्या औषधापासून झाली, म्हणून तिथूनच सांगते.

आमच्या छोटीला ताप चढला. मुलीचं अंग तापलं की माझी अवस्था काय होते ते विचारू नका. मी तिचे श्वास मोजते, मग माझेच श्वास चुकतात. औषधांच्या खणात हात घातला तर तापाची बाटली नाही. नवीन होती, अर्धीसुद्धा झालेली नव्हती.

"अरे, तापाचं औषध कुठे आहे?"

"ते होय? खोका जुना दिसत होता," नवरा म्हणाला. "टाकलं."

"खोका जुना होता म्हणून औषध टाकलंस?"

"कोपरे चेपले होते गं."

माणसाच्या तोंडून असं वाक्य बाहेर पडतं आणि वर छप्पर जागच्या जागी राहतं, हे मला आजही समजत नाही. छोटीचा ताप उतरला, माझा उतरला नाही. मी ठरवलं की या घरात काय टाकायचं आणि काय ठेवायचं हे यापुढे माणसाने ठरवायचं नाही. यंत्राने ठरवायचं.

यंत्राचं डोक्यात यायला दुसरंही कारण होतं. बाळंतपणाआधी मी औषधांच्या एका गोदामाच्या कार्यालयात नोकरीला होते. मालाची आवक, जावक, मुदत संपलेला माल वेगळा काढणं, अशी कामं. परत रुजू व्हायची वेळ आली तेव्हा साहेब म्हणाले, आता सगळं संगणकावर गेलंय, तुम्ही पायथॉन नावाच्या संगणकाच्या भाषेचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण करून या, शनिवारी दुपारपर्यंत तुमचा प्रकल्प मंजूर झाला तर खुर्ची तुमची. नाहीतर माझ्या जागी बसलेल्या बदलीच्या बाई कायम होणार. त्या बाईंनी माझ्या टेबलावर स्वतःचा कप आणून ठेवला होता, एवढ्यावर मी गप्प बसले असते. पण कपाच्या शेजारी त्यांनी झाडाची कुंडीही आणली होती. कप माणूस उचलून नेतो. कुंडी आणणारा माणूस राहायला आलेला असतो.

तर प्रकल्प असा होता: घरातली एखादी वस्तू घ्या, तिचा क्लास लिहा, त्या क्लासच्या दोन-तीन वस्तू बनवा आणि त्यांच्याकडून काहीतरी काम करून घ्या. क्लास म्हणजे साचा. साच्यातून निघते ती वस्तू. अभ्यासक्रमाच्या सरांनी बराच वेळ घेऊन समजावलं, पण ज्या बाईने बर्फाच्या ट्रेमध्ये मुलीचं सूप गोठवून ठेवलेलं आहे तिला साचा म्हणजे काय हे समजावायची गरज नसते. मी 'औषध' नावाचा क्लास घ्यायचं ठरवलं. प्रत्येक बाटलीला एक नाव, एक मुदत. आणि बाटलीला विचारायचं, बाई, तुझी मुदत संपली का? ती हो किंवा नाही म्हणणार. 'नाही' म्हणाली तर नवऱ्याने तिला हात लावायचा नाही. एकाच दगडात नोकरी आणि नवरा.

पायथॉनमध्ये एक गोष्ट मला फार आवडली. क्लासच्या आत काहीही करायचं झालं की आधी 'सेल्फ' लिहावं लागतं, म्हणजे स्वतः. स्वतःचं नाव, स्वतःची मुदत. छोटी झाल्यापासून 'स्वतः' हा शब्द मी इतक्या वेळा वापरलाच नव्हता.

मुदत संपली की नाही हे ठरवायला आजची तारीख लागते. ती संगणकाकडे असते, पण लगेच हाताशी नसते. सर म्हणाले होते, "पायथॉनच्या कपाटात सगळं आहे. पण जे लागेल ते आधी कपाटातून काढून ओट्यावर ठेवायला सांगायचं. त्याला इम्पोर्ट म्हणतात. फाइलची पहिली ओळ तीच." मी अभ्यासू मुलगी. घरी आले, फाइल उघडली, वर माझं नाव घातलं, त्याखाली तारखेच्या इम्पोर्टची ओळ लिहिली, साठवली, आणि छोटीला अंघोळ घालायला गेले. हे मी शपथेवर सांगते. ती ओळ मी लिहिली होती. माझ्या या दोन हातांनी.

दुसऱ्या दिवशी छोटी झोपल्यावर बाकीचा सगळा प्रोग्राम लिहून काढला. वरचं कालच झालं होतं, म्हणून तिकडे न बघता खालच्या कोऱ्या जागेत क्लासपासून लिहीत गेले. तापाची नवी आणलेली बाटली, खोकल्याची बाटली, कापल्यावर लावायचं मलम, अशा तीन वस्तू केल्या. चालवायचं बटण दाबलं. आणि त्या निर्लज्ज यंत्राने लाल अक्षरात लिहिलं, की 'डेट' हे काय असतं ते मला ठाऊक नाही.

तारीख म्हणजे काय ते ठाऊक नाही! पडद्याच्या कोपऱ्यात तारीख दिसत होती. ज्याच्या स्वतःच्या कपाळावर तारीख लिहिलेली आहे त्याने मला विचारावं की तारीख कशाला म्हणतात? मी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. जरा जोरात दाबलं. पुन्हा तेच, आणि छोटी जागी झाली.

मी क्लासपासून शेवटपर्यंत प्रोग्राम वाचला. प्रत्येक कंस उघडलेला, प्रत्येक कंस बंद. वरची ओळ पाहिली का, असं तुम्ही आता मनात म्हणत असाल. तुम्ही घराबाहेर पडताना रोज मागे वळून दार जागेवर आहे का बघता का? कुलूप बघता. दार असतंच.

नवरा संध्याकाळी आला. मी त्याला लाल अक्षरं दाखवली. त्याने पडदा बघितला, खिशातून रुमाल काढला आणि पडद्यावरचे छोटीचे बोटांचे ठसे पुसले. "आता नीट दिसेल," म्हणाला.

मी अभ्यासक्रमाच्या मदत कक्षाला लिहिलं. लगेच उत्तर आलं, त्यामुळे माणूस नसणार हे मी ओळखलं. आपण आवश्यक ते इम्पोर्ट केले आहे का? केले असल्यास हो, नसल्यास नाही. मी 'हो' दाबलं. अहो, पहिल्या धड्यातला पहिला प्रश्न कशाला विचारता? मी काय काल उगवले आहे? मग पुढचं उत्तर आलं: तर मग आपला पायथॉन सदोष असू शकतो, काढून टाकून पुन्हा बसवा.

मी काढून टाकला. तेवढं यंत्राने निमूटपणे करू दिलं. पुन्हा बसवायला गेले तर म्हणे, या संगणकाच्या मालकाची परवानगी हवी. संगणक नवऱ्याच्या कार्यालयाचा. मालक म्हणजे कार्यालयातला संगणक विभाग. नवऱ्याने त्यांना फोन केला तर त्यांनी विचारलं, काढून टाकायला परवानगी घेतली होती का? नाही? मग जी वस्तू परवानगीशिवाय गेली ती परवानगीने परत कशी येणार? आधी ती गेल्याचं कळवा, मग ती नसल्याचं आम्ही तपासू, मग ती हवी असल्याचा अर्ज करा. यात एक अख्खा दिवस गेला. पायथॉन परत आला. लाल अक्षरंही परत आली, काडीचाही फरक न पडता, माहेरी जाऊन आल्यासारखी.

मी मदत कक्षाला पुन्हा लिहायला गेले तर कळलं की माझी तक्रार बंद झाली आहे. मग मी त्यांचा फोन नंबर शोधून काढला. तो त्यांनी जिथे कुणी बघणार नाही अशा ठिकाणी लपवला होता, पण मी आई आहे, लपवलेल्या वस्तू शोधणं हा माझा पूर्णवेळ धंदा आहे.

"मॅडम, तुमचं समाधान झालेलं आहे," फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"इथे तसं दिसतंय."

"मी इथे बसलेय आणि माझं समाधान झालेलं नाही."

"हो मॅडम, पण एकदा समाधान झालं की त्याच विषयावर नवीन तक्रार घेता येत नाही. तुम्ही दुसऱ्या विषयावर तक्रार करू शकता."

"दुसरा विषय म्हणून मी तुमची तक्रार करू का?"

"नक्की करू शकता, मॅडम," ती आणखी गोड आवाजात म्हणाली. "त्या आधी या संभाषणाला किती तारे द्याल?"

या वेळेपर्यंत बातमी जिन्याने वर गेली होती. आमच्या इमारतीत बातमी लिफ्टने जात नाही, जिन्याने जाते, कारण तिला प्रत्येक मजल्यावर थांबायचं असतं. आमच्या डोक्यावर ऑडिटरकाका आणि काकू राहतात. काका नोकरीभर लोकांचे हिशेब तपासून आता निवृत्त झालेत आणि तपासायला काही उरलं नाही म्हणून काकूंच्या फोडणीतली मोहरी तपासतात. छोटीला सांभाळायला काकू अधूनमधून खाली येत. त्या दिवशी मागोमाग काका आले, चष्मा पुसत.

"काय हरवलंय म्हणे?"

मी सांगितलं. काकांना संगणक वापरता येत नाही, पण काहीतरी कुठेतरी जुळत नाही एवढं ऐकलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते मी नातवंडं आली तरी पाहिलेलं नाही. त्यांनी मला इम्पोर्ट म्हणजे काय ते विचारून घेतलं, मान डोलावली आणि पहिलाच प्रश्न टाकला.

"ती कपाटातून काढायची ओळ, ती आहे का?"

आता सांगा. आधीच एका यंत्राने हाच प्रश्न विचारून अपमान केलेला. वर हे. माझा आवाज चढला.

"काका, मी इतकी बावळट वाटते का हो तुम्हाला? पहिलीच ओळ आहे ती. मी स्वतः लिहिली आहे."

"तसं नाही गं," काका ओशाळले. "सवय. नोकरीभर मी कुणाचा नुसता शब्द मानला नाही. कागद दाखवा म्हणायचो. साहेब असो नाहीतर शिपाई. पण तू शिकलेली मुलगी. तू म्हणतेस आहे, तर आहे."

काकू मागून म्हणाल्या, "माझं कधी असं मानलं नाहीत! मीठ घातलंय म्हटलं तरी चमचा घेऊन चाखून बघता."

"ते वेगळं," काका म्हणाले. "मला हे लिहून दे. मी बघतो."

मी त्यांना क्लासपासून खालचा सगळा प्रोग्राम पाठकोऱ्या कागदांवर उतरवून दिला. वरचं बरोबरच होतं, ते कशाला लिहायचं? काका कागद छातीशी धरून वर गेले. जिन्यात त्यांचं गुणगुणणं ऐकू आलं. काकू म्हणाल्या, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच गुणगुणतायत.

यापुढे सल्ल्यांची नुसती रीघ लागली. समोरच्या वहिनी म्हणाल्या, रात्रभर बंद ठेव, माणसासारखं आहे ते, थकतं. नवऱ्याचा मित्र फोनवर म्हणाला, क्लासचं नाव मराठीत आहे म्हणून चालत नसेल. मी म्हटलं, अरे, याला माझं मराठी समजतंय, स्वतःची तारीख समजत नाहीये! मग सगळ्यांत शहाणा सल्ला आला, आणि मी तो ऐकला, यावरून माझी काय दशा झाली होती ते ओळखा. कुणीतरी म्हणालं, यंत्राच्या आतलं घड्याळच बिघडलं असणार. त्याला एक लहानशी बॅटरी असते. ती गेली की त्याला तारीख कळेनाशी होते.

मला हे इतकं पटलं! छोटीला बाबागाडीत घातलं, तिच्या पायाशी संगणक ठेवला, आणि दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराने संगणक उघडला आणि डॉक्टरसारखं नुसतं 'हं' म्हटलं. डॉक्टर 'हं' म्हणाले की मी पर्स उघडते, मग तो संगणकाचा डॉक्टर का असेना.

"बॅटरी बदलून टाकतो," तो म्हणाला.

"खराब आहे का?"

"बदलली की कळेल."

बदलली. घरी येऊन संगणक सुरू केला तर कोपऱ्यातली तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली. अभ्यासक्रमाचं पान उघडेना, मदत कक्ष उघडेना, काहीच उघडेना, कारण त्या तारखेला यातलं काही अस्तित्वातच नव्हतं. माझं लग्नही झालेलं नव्हतं. मी क्षणभर त्या तारखेकडे बघत बसले. मग छोटीने माझा कान ओढला आणि मी घड्याळ पुढे केलं.

आणि प्रोग्राम? तो तेच म्हणत होता. तारीख म्हणजे काय?

शनिवार उजाडला. दुपारी प्रकल्प पाठवायचा होता. गोदामातून एका मैत्रिणीचा फोन आला की बदलीच्या बाईंनी कुंडीखाली ठेवायला बशी आणलीय. मला रडू आलं नाही, राग आला. मी रडणाऱ्यांतली नाही, मी लाल होणाऱ्यांतली आहे. मी ठरवलं, जुनी फाइल गेली चुलीत. नवी कोरी फाइल उघडायची आणि पहिल्यापासून, अक्षर न् अक्षर, पुन्हा हाताने लिहायचं. काही नाही तर निदान सरांना सांगता येईल की मी दोनदा लिहिलंय.

नवऱ्याला सांगितलं, आज सुट्टी आहे, छोटीला सांभाळ, या टेबलाकडे फिरकू नकोस. नवी फाइल उघडली. वर माझं नाव. त्याखाली तारखेच्या इम्पोर्टची ओळ. ती उमटली तशी फिकट पडली. ज्यात आपण हे लिहितो त्या प्रोग्रामची पद्धतच तशी आहे, जी गोष्ट मागवली पण अजून खाली वापरलेली नाही, ती फिकट दाखवतो. खाली वापरली की आपोआप ठळक होते. मी इतक्या दिवसांत तिकडे लक्षही दिलं नव्हतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा वास आला. मी धावले. गॅस बंद केला, ओटा पुसला, आणि परत येताना दारातच थांबले. आई झाल्यापासून मला खोलीत पाऊल टाकण्याआधी आत काय चाललंय ते बघायची सवय लागली आहे.

छोटी जमिनीवर बसून चमचा चघळत होती. नवरा माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून वाकला होता. आधी त्याने टेबलावरचा माझा पेन सरळ केला. मग रुमालाने पडदा पुसला. मग बोट पुढे केलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत, शांतपणे, प्रेमाने, माझी पहिली ओळ पुसून टाकली.

"काय केलंस?"

तो दचकला. "काही नाही गं. एक ओळ फिकट पडली होती. वापरात नव्हती."

"वापरात नव्हती म्हणजे?"

"फिकट म्हणजे उगाचच आहे. माउस नेला की तसं लिहूनही येतं, बघ. वापरलेली नाही म्हणून. त्या दिवशीही अशीच एक होती. छोटीची अंघोळ चालली होती तेव्हा." त्याच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. "काढली मी ती पण. जरा मोकळं दिसतं."

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही, कारण छोटी मोठी झाल्यावर हे वाचेल. एवढंच सांगते की समोरच्या वहिनींनी त्यांचं दार उघडून पाहिलं आणि बंद केलं, आणि त्या एरवी उघडलेलं दार बंद करत नाहीत.

"पण मला काय माहीत ती लागणार आहे!" नवरा म्हणाला. त्याला खरंच समजत नव्हतं, हेच तर भयंकर. "खाली काहीच नव्हतं तेव्हा."

"खाली मी लिहिणार होते!"

"मग लिहायच्या वेळी आणायची ना. आधीपासून कशाला काढून ठेवायची?"

"अरे, तुझ्या मुलीचे कपडे आपण ती जन्मायच्या आधी आणले होते की नाही?"

त्याने छोटीचा चमचा पुसला. मग हळूच म्हणाला, "आणले होते. मी म्हणत होतो, नंतर आणू."

मी ओळ पुन्हा लिहिली. त्याला छोटीसकट गॅलरीत उभं केलं आणि दाराला कडी लावली. बाकीचा प्रोग्राम लिहीत गेले. जिथे पहिल्यांदा तारीख वापरली, तिथे वरची ओळ फिकटची ठळक झाली. मी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. बटण दाबलं. यंत्राने एका शब्दाची कुरकुर केली नाही. तापाची बाटली: मुदत आहे. मलम: मुदत आहे. खोकल्याची बाटली: मुदत संपली.

खोकल्याची मुदत संपलेली बाटली मात्र खणात तशीच होती. तिचा खोका नवाकोरा होता.

दुपार टळायच्या आत प्रकल्प गेला. सरांनी मंजूर केला आणि खाली लिहिलं, रचना स्वच्छ आहे. 'स्वच्छ' हा शब्द मी नवऱ्याला वाचून दाखवला नाही. सोमवारी मी रुजू झाले. कुंडी बशीसकट बाईंच्या हातात दिली, आणि त्या म्हणाल्या, राहू दे हो, ऊन तुमच्याच टेबलावर येतं. म्हणून ती अजून तिथेच आहे. त्यावरही मला बोलायचं आहे, पण नंतर.

आता खरी गोष्ट. काकांना हे कुणी सांगितलेलं नाही.

मी सांगणार होते. शनिवारी संध्याकाळीच जिना चढले होते. काकूंनी दार उघडलं. जेवणाच्या टेबलावर कागदच कागद, ताटं ठेवायला जागा नाही. काकांनी प्रोग्रामची एकेक ओळ वेगळ्या पट्टीवर लिहून एकमेकांना जोडून पाहिली होती. दाढी वाढलेली.

"सांगू नकोस!" त्यांनी मला बघताच हात वर केला. "सापडलं असेल तरी सांगू नकोस. मी जवळ आलोय. फक्त एक सांग. ती पहिली ओळ, ती नक्की होती ना?"

"होती काका," मी म्हणाले. "मी लिहिली होती."

यात एक अक्षर खोटं नाही. तुम्हीच वर वाचलंत. मी लिहिली होती. पण काका म्हणाले, "मग प्रश्नच नाही. तेवढी एक गोष्ट पक्की धरून मी पुढे चाललोय," आणि पुन्हा पट्ट्यांवर वाकले. यापुढे मी कोणत्या तोंडाने बोलायचं? ज्या माणसाने जन्मभर कुणाचा शब्द मानला नाही त्याने एकदाच मानला, तो माझा. आणि मी त्याच्यावर ओरडले होते, बावळट वाटते का म्हणून. चूक नवऱ्याची, बावळट यंत्र, गोड आवाज फोनवाल्या मुलीचा, आणि तोंड लपवायचं मी! हा कुठला न्याय?

नवऱ्याला म्हटलं, तू जा, तू काढलीस, तू सांग. तो गेला, आणि परत येऊन म्हणाला, टेबल फार भरलं होतं, थोडं आवरून देऊन आलो. मी डोक्याला हात लावला. कुठल्या पट्ट्या टाकल्यास विचारलं तर म्हणाला, कडेच्या.

आता काकू रोज संध्याकाळी छोटीला खाली आणून देतात तेव्हा म्हणतात, "जेवताना उठतात गं, कुठलीशी ओळ आठवते म्हणून. फिरायला जात नाहीत. मोहरीकडे बघतसुद्धा नाहीत." आणि माझ्याकडे बघतात. काकूंना माहीत असावं असं मला वाटतं. बायकांना माहीत असतं.

माझ्याने आता वर जाववत नाही, म्हणून तुम्हाला विनवते. तुम्ही आमच्या बाजूने कधी जाणार असाल, तर जिन्याने वर जा. आमच्या दारावर थांबू नका, आणखी एक मजला चढा आणि बेल वाजवा. काका दार उघडतील. दाढी केलीय का बघा. जेवलात का विचारा, आणि नुसतं हो म्हणाले तर शब्दावर जाऊ नका, ताट बघून या.